ही धडधड आपलीच आहे

दोस्तांनो, या पानांवर आजवर मोर्च्यांबद्दल लिहिलं गेलं, खोट्या केसेसबद्दल लिहिलं गेलं, न भरलेल्या राखीव जागांबद्दल लिहिलं गेलं. आज मी व्यायामाबद्दल लिहिणार आहे. हसा. मीही हसलो असतो. ‘म्हातारा झाला, आता बागेत टाळ्या वाजवत फिरणार’ असं तोंडावर म्हणणारे कार्यकर्ते माझ्याभोवती आहेत. त्यांच्यासाठीच हे लिहितोय. कारण त्यातल्या कितीकांना जिना चढताना धाप लागते, धाप लागली की ते घाबरतात, आणि घाबरलो म्हणून सांगायची त्यांना लाज वाटते. माझं हे तिन्ही झालेलं आहे.

माझा बाप गोदीत हमाल होता. सातारा जिल्ह्यातलं गाव सोडून पन्नासच्या दशकात मुंबईत आला आणि जन्मभर पाठीवर क्विंटलची पोती वाहिली. १९८४ साली, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, ओझं घेऊन फळीवरनं चालता चालता छाती धरून खाली बसला तो उठलाच नाही. मी अठरा वर्षांचा होतो. मयताला आलेला जो तो एकच बोलत होता, ‘एवढा दांडगा गडी, कष्टाचं शरीर, असं कसं झालं?’ त्या प्रश्नाचं उत्तर मला पुढं तेहतीस वर्षं सापडलं नाही. सापडली ती फक्त भीती. छातीत जरा धडधडलं की डोळ्यापुढं बाप यायचा.

२०१७ साली मला स्वतःला एकावन्नावं लागलं. वरळीच्या बी.डी.डी. चाळीत आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. एके संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावर पोचलो आणि छाती धाडधाड उडायला लागली. तळहात ओले. बोटांना मुंग्या. श्वास वरच्या वर. आलं, बापाचं मरण आलं, एवढंच डोक्यात. कठडा धरून पायरीवर बसलो. शेजारच्या पोरांनी टॅक्सीत घालून दवाखान्यात नेलं. कार्डिओग्राम काढला, ठीक. रक्त तपासलं, ठीक. साखर तेवढी वाढलेली. डॉक्टर म्हणाले, खात्रीसाठी पट्ट्यावर चालवून बघू.

पट्ट्यावर चालवणं म्हणजे छातीला वायरी चिकटवतात, फिरत्या पट्ट्यावर उभं करतात आणि वेग वाढवत नेतात. मी चढलो. पट्टा फिरू लागला. धडधड वाढली तसा मी ओरडलो, ‘थांबवा! थांबवा म्हणतो ना!’ दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती. मशीन चालवणारा पोरगा गोंधळून म्हणाला, ‘काका, अजून काहीच झालं नाही. तुमचं हार्ट व्यवस्थित चाललंय.’ मी वायरी ओढून काढल्या आणि शर्टाची बटणं लावत बाहेर आलो. हा मी! पोलिसांच्या लाठ्यांपुढं पाय रोवून उभा राहिलेला कार्यकर्ता! रबराच्या पट्ट्यापुढं पळालो.

त्या दिवसापासून मी हिशेबानं जगू लागलो. जिना दिवसातनं एकदाच. दुकानातनं काही आणायचं तर पोराला पाठवायचं. लांबच्या मोर्च्याला टेम्पोत बसायचं आणि माईक धरायचं निमित्त काढायचं. भीतीला एक पायरी सोडून दिली की ती पुढची मागते. सहा महिन्यांत असं झालं की बायको जरा जोरात हाक मारायची तरी धडधडायचं.

ही भीती आली कुठनं? बापाच्या मरणातनं आली, हे खरं. पण तिचं मूळ आणखी मागं आहे. १९७४ च्या जानेवारीत वरळीत दंगल पेटली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. पँथरच्या सभेपासून सुरुवात झाली आणि चाळी-चाळींत दगड, सोड्याच्या बाटल्या, अश्रुधूर, पोलिसांचे बूट. १० जानेवारीच्या मोर्च्यात भागवत जाधव मारला गेला. त्या दिवसांत कधीतरी आईनं आम्हा भावंडांना मैदानातनं ओढत जिन्यानं वर पळवलं, खोलीत कोंडलं, दिवा मालवला. एकशेसाठ चौरस फुटांत सात माणसं. बाहेर जिन्यात पावलं वाजत होती. आईनं एक हात माझ्या तोंडावर ठेवला, दुसरा छातीवर. ‘गप. आवाज करू नगंस.’ मी गपच होतो. पण छाती धडधडत होती, आणि मला वाटलं हा आवाज दाराबाहेर ऐकू जाईल आणि मारणारे आत येतील. आठ वर्षांच्या पोरानं त्या रात्री आपलं काळीज थांबवायचा प्रयत्न केला. पुढं त्रेचाळीस वर्षांनी जिन्यात बसलेला माणूस तेच करत होता.

आता मला जे म्हणायचंय ते म्हणतो. आपल्या शरीराला पिढ्यान्‌पिढ्या दोनच गती शिकवल्या गेल्या. एक, दुसऱ्यासाठी राबण्याची. दोन, मार चुकवून पळण्याची. येसकर धावला तो पाटलाचा सांगावा घेऊन; साहेबाच्या घोड्यापुढं धावला तो साहेबासाठी; पोरं धावली ती दगड चुकवायला. स्वतःच्या मर्जीनं, स्वतःसाठी, कुणी मागं लागलेलं नसताना हललेलं शरीर आपल्याला ओळखीचं नाही. मग कुणी मालक नाही, कुणी मारेकरी नाही, तरी छाती धडधडायला लागली की आतलं जुनं जनावर दचकतं. त्याला वाटतं, नक्की कुणीतरी मागं आहे.

भीती कुणा एका जातीची मक्तेदारी नाही, हे मला समजतं. पांढरपेशा वस्तीतल्या माणसालाही जिन्यात घाम फुटतो. पण त्याच्याकडं घरचा डॉक्टर असतो, खालीच बाग असते, सकाळचा तास मोकळा असतो, आणि त्या बागेत तो शिरला की त्याला कुणी ‘कुठं राहता?’ विचारत नाही.

व्यायाम हे त्यांचं खूळ, असं म्हणणाऱ्यांनी जरा इतिहास आठवावा. लहुजी वस्ताद साळवे मातंग समाजातले. जन्म १७९४, मृत्यू १८८१. पुण्यात त्यांची तालीम होती. दांडपट्टा, तलवार, कुस्ती ते शिकवत आणि सगळ्या जातींची पोरं तिथं येत. जोतीराव फुले त्याच तालमीत घडले. त्यांच्या शाळांच्या पाठीशी लहुजी उभे राहिले आणि लहुजींच्याच घरातल्या मुक्ता साळवे या मुलीनं १८५५ साली आपल्या समाजाच्या दुःखावर निबंध लिहिला. म्हणजे महाराष्ट्रातली शाळा आणि तालीम एकाच घरातनं निघाल्या. आपण शाळा तेवढी लक्षात ठेवली. तालीम विसरलो.

दुसरं नाव पळवणकर बाळू. चांभार समाजातला. पुण्याला गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी लाटायला, जाळी बांधायला नोकर होता. साहेबांना फलंदाजीचा सराव हवा म्हणून तासन्‌तास त्यांना चेंडू टाकायचा. बॅट मात्र त्याच्या हाती कधी आली नाही. पुढं हिंदूंच्या संघानं त्याला घेतलं ते सामने जिंकायला. चहाच्या वेळी त्याला तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात चहा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कप्तानपद त्याला कधी दिलं नाही. ते त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळालं, १९२३ साली, तेही भांडून. बाळूची गोष्ट मला वारंवार आठवते. आपलं शरीर हे असं दुसऱ्याच्या सरावासाठी वापरलं गेलंय.

आणि हेच शरीर नको झालं तेव्हा त्यावर शिक्का मारला. कोरेगावच्या १८१८ च्या लढाईत लढलेल्यांच्या वारसांना १८९० च्या दशकात इंग्रज सरकारनं फौजेची दारं बंद केली. म्हणे, ही लढाऊ जात नव्हे! छाती मोजणारी फीत तीच, छातीही तीच. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली, युद्ध संपल्यावर १९२१ साली मोडली. १९४१ साली पुन्हा युद्ध, पुन्हा गरज, तेव्हा महार रेजिमेंट. आपल्या छातीची किंमत कायम दुसऱ्याच्या गरजेनुसार ठरली. सुभेदार रामजी सकपाळांच्या पोरानं हे सगळं बघितलं होतं. म्हणूनच महाडच्या लढ्याच्या काळात बाबासाहेबांना समता सैनिक दलाची गरज वाटली. आपल्याच सभेच्या रक्षणासाठी, आपल्याच पोरांनी, रांगेत उभं राहून केलेली कवायत. शाखेतही कवायत असते. तिथं शरीर कमावतात ते हुकूम ऐकण्यासाठी. दलात ते हुकूम मोडण्यासाठी कमवायचं होतं.

‘अरे पण आपण काय कमी कष्ट करतो? आपल्याला व्यायाम कशाला?’ हा वस्तीतला ठरलेला सवाल. माझ्या बापाच्या मयताला विचारलेला प्रश्न तोच होता. आता त्याचं उत्तर माझ्याकडं थोडंफार आहे. २०१८ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्‌स मेडिसिन’ या मासिकात एक पाहणी आली. सतरा अभ्यास एकत्र केलेले, एक लाख त्र्याण्णव हजारांहून जास्त माणसांचे. निघालं असं की कामावर जबर अंगमेहनत करणाऱ्या पुरुषांत लवकर मरण्याचा धोका बैठं काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे १८ टक्के जास्त. यावर तज्ज्ञांचे अजून वाद आहेत, पण त्यामागचा विचार माझ्या बापाला कुणीही न सांगता कळला असता. व्यायामात माणूस अर्धा तास दमतो आणि मग विसावा घेतो; त्या विसाव्यात शरीर बांधलं जातं. हमाल आठ-दहा तास दमतो आणि विसावा मुकादमाच्या हातात. ओझं उचलताना रक्तदाब चढतो तो दिवसभर चढलेलाच राहतो. थांबावंसं वाटलं तेव्हा थांबता येतं त्याला व्यायाम म्हणायचं. थांबलं की मजुरी कापतात तो कष्ट. बाप मेला तो व्यायामानं नाही. तो विसाव्याच्या अभावानं मेला असं मी आज म्हणतो.

दुसरा एक सवाल काटकुळ्या कार्यकर्त्यांचा. ‘माझ्या अंगावर मांस कुठाय? मी कशाला पळू?’ पुण्याचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक फोटो छापला. ते स्वतः आणि त्यांचे ब्रिटिश मित्र जॉन युडकिन, शेजारी शेजारी. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं. पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि पुणेकराच्या अंगात २१.२ टक्के. आपल्या लोकांत वरून बारीक आणि आतून चरबी, असं शरीर फार. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही त्यांना हेच दिसलं. अर्धपोटी राहिलेल्या आयांच्या पोटात वाढलेली ही शरीरं. म्हणजे आजी-पणजीची भूक आपल्या साखरेच्या रिपोर्टात अजून निघते आहे. बारीक आहे म्हणून सुटला, असं कुणी समजू नये.

मग मी काय केलं? बहादुरी काही केली नाही. पहिला धक्का एका सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी दिला. मी त्यांना सगळं सांगितलं, पट्ट्यावरनं पळालो तेही. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘भाऊ, घाबरलं की काय काय होतं ते सांगा.’ मी सांगितलं: धडधड, धाप, घाम, पाय लटपटतात. म्हणाल्या, ‘आता पळाल्यावर काय काय होतं ते सांगा.’ मी तोंड उघडलं आणि गप्प बसलो. यादी तीच होती!

त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगतो. भीती वाटली की शरीर पळायची तयारी करतं. खरोखर पळालं तरी तीच तयारी. काळीज दोन्हीकडं एकच काम करतं, हातापायांना रक्त पुरवतं. ते बिचारं आपलं काम करतंय, आणि आपण त्यालाच मारेकरी समजतो. घाबरलं की धडधड, धडधडीला घाबरलं की आणखी धडधड, असं ते चक्र. ही लाट बहुतेक वेळा दहाएक मिनिटांत शिगेला जाते आणि मग आपसूक ओसरते. पण आपण शिगेला पोचायच्या आतच पळतो, म्हणून ती ओसरते हे आपल्याला कधी कळतच नाही. असल्या भीतीवर उपचार करताना मुद्दाम जागच्या जागी धावायला लावतात, जिने चढायला लावतात, म्हणजे धडधडलं तरी मरत नाही याचा पुरावा अंगालाच मिळतो. तोंडानं सांगून हे अंगाला पटत नाही.

मी सुरुवात केली ती चाळीच्या मधल्या व्हरांड्यातनं. एका मजल्यावर वीस खोल्या, मधोमध बोळ. पहाटे पाचला, कुणी उठायच्या आत, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फेरी. बस. आठवडाभर एकच. मग दोन. मग पाच. धडधड आली की पूर्वी मी खोलीत घुसायचो. आता ठरवलं, कठड्याला टेकून उभं राहायचं, पण खोलीत जायचं नाही. ‘ये. बघू तू किती चढतेस.’ चढायची. आणि उतरायची. पहिल्यांदा ती उतरताना मी बघितली तेव्हा, खोटं सांगत नाही, मी व्हरांड्यात एकटा रडलो. आठ वर्षांच्या पोराला कुणीतरी सांगायला हवं होतं की दाराबाहेर आता कुणी नाही.

नंतर जिना. एक मजला चढून थांबायचं. श्वास मोजायचे. मग दुसरा. आई तेव्हा होती, उंबऱ्यात बसून बघायची. म्हणायची, ‘दम लागला का रं? बस की जरा.’ मी म्हणायचो, ‘लागू दे गं आये. माझाच दम हाय.’ सहा महिन्यांनी मी परत त्या पट्ट्यावर चढलो. मशीनवरचा पोरगा दुसराच होता. नऊ मिनिटं चाललो. घाबरलो का? घाबरलो. पण उतरलो नाही.

मोजमाप हवं असणाऱ्यांसाठी सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे. पूर्वी सलग दहा मिनिटं तरी हवीत असं म्हणायचे, ती अट आता काढली. तीन मिनिटं चाललात तरी ती जमेला धरायची. मध्यम म्हणजे किती? चालताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये. शाहीर मंडळींनी हे तपासून बघावं. बूट महागडे नकोत, जिमची फी नको. पण एकदम पहिल्या दिवशी मैदानाला दहा फेऱ्या मारून तिसऱ्या दिवशी लंगडत बसायचं, ही आपली जुनी खोड सोडली पाहिजे. आपण आंदोलनं पण अशीच करतो.

आणि एक बजावून सांगतो, कारण माझा लेख वाचून कुणी मेला तर मला झोप लागणार नाही. सगळंच भीतीवर ढकलू नका. छातीत दाब आला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, चक्कर येऊन पडलात, बसल्या जागी दम लागला, तर धीर धरायचा नाही, सरळ दवाखाना. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यानं खिशात साखरेची पुडी ठेवावी, कारण चालण्यानं साखर एकदम खाली येऊ शकते. चाळिशी उलटलेल्यानं सुरुवातीला एकदा रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. मी आधी तपासून घेतलं आणि मग भीतीशी भांडलो. उलटं करू नका.

बायांचं वेगळं सांगायला हवं. माझ्या बायकोला मी मोठ्या शहाणपणानं म्हणालो, ‘तुझी धाप म्हणजे भीती आहे, चल माझ्याबरोबर.’ तिचं रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठ! देशात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायांतल्या ५७ जणींना रक्त कमी आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघालं. तिची धाप मनातली नव्हती, रक्तातली होती. सगळ्यांना वाढून उरलेलं खाण्याची होती. आधी लोहाच्या गोळ्या, पोटभर जेवण, मग चालणं. आणि चालायचं तर कुठं? पहाटेच्या अंधारात बाई एकटी निघाली की तिची धडधड खऱ्या कारणानं वाढते. रस्त्यावरची टवाळ पोरं ही काही तिच्या मनाचा खेळ नव्हे. तिला ‘घाबरू नकोस’ सांगण्याआधी आपण पुरुषांनी टवाळी करणाऱ्याची गचांडी धरायला शिकलं पाहिजे, आणि सकाळचा चहा स्वतः टाकायला. आज आमच्या गटात सात बाया चालतात. त्या एकत्र निघतात. त्यांची लाट एकमेकींच्या आधारानं ओसरते.

गट हा शब्द आला म्हणून सांगतो. एकट्यानं मी व्हरांड्यापर्यंत आलो होतो. चाळीबाहेर आलो तो दुसऱ्यांमुळं. समुद्राकाठच्या चांगल्या वस्तीतल्या बागेत पहिल्यांदा गेलो तेव्हा पायात स्लीपर, अंगात जुना शर्ट. बाकावरच्या एका गृहस्थांनी खालपासून वरपर्यंत बघितलं आणि गोड आवाजात विचारलं, ‘इथं कामाला आहात का?’ मी परत फिरलो. त्या दिवशीची धडधड चालण्याची नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही पाचजण गेलो. कुणी काही विचारलं नाही. पाण्याला हात लावायला १९२७ साली महाडला माणसं एकेकटी गेली नव्हती. २० मार्चला चवदार तळ्यावर बाबासाहेबांच्या मागं हजारोंची रांग होती. त्या रांगेतल्या प्रत्येकाची छाती धडधडत असणार. धडधड थांबायची वाट बघत बसले असते तर तळं आजही तसंच राहिलं असतं. ते धडधडत्या छातीनं पायऱ्या उतरले.

मी बागेच्या फेरीची तुलना महाडशी करत नाही. तेवढा माज मला नाही. पण भीती मोडायची रीत तीच आहे, एवढंच म्हणतो. जिथं जायला भीती वाटते तिथं जायचं. थोडंथोडं जायचं. सोबतीनं जायचं. आणि उद्या परत जायचं.

कार्यकर्त्यांना शेवटचं विचारतो. आपली किती माणसं पन्नाशी-साठीत गेली? अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती. बाबासाहेब पासष्टाव्या वर्षी गेले, मधुमेहानं पाय पोखरलेले असताना पहाटेपर्यंत लिहीत बसले. आपण त्यांच्या रात्रीच्या दिव्याचं गाणं करतो आणि स्वतःही रात्रभर बैठका, चहा, तंबाखू, वडापाव, पुन्हा बैठका. शरीर झिजवणं म्हणजे त्याग, असं आपण समजून बसलो. अरे, झिजवायला हे शरीर या व्यवस्थेला हवंच होतं! ते फुकट झिजवून आपण कुणाची सोय करतोय? आपल्याला दीर्घ लढाई लढायची आहे आणि दीर्घ लढाईला जिवंत माणसं लागतात.

म्हणून माझी मागणी दोन ठिकाणी आहे. एक महापालिकेकडं: वरळीत चाळी पडून उंच इमारती होताहेत, तिथं लिफ्ट दिलीत, आता पोरांची खेळायची मैदानं खाऊ नका. वस्तीतल्या मैदानावर दिवे द्या, बायांसाठी संडास द्या. दुसरी मागणी तुमच्याकडं: शाखेच्या बैठकीआधी अर्धा तास चाला. सगळे मिळून. ज्याला धाप लागेल त्याच्याजवळ एकानं थांबायचं, हसायचं नाही. ‘किती झालं, अजून चढतंय का उतरायला लागलं’ एवढंच विचारायचं.

उद्या पहाटे साडेपाचला आम्ही मैदानाच्या फाटकापाशी असतो. छाती धडधडेल. धडधडू दे. ज्या छातीवर आईनं हात ठेवून तिला गप केलं होतं, ती आता आवाज करते आहे.

जय भीम.